पावसाळ्यात तारा वर, हिवाळ्यात खरखर: घरी बनवलेल्या पहिल्या गिटारीचं दुखणं

लक्षणं आधी लिहितो, म्हणजे तुमचं दुखणं हेच की दुसरं, ते लगेच कळेल.

जूनमध्ये दोन-चार चांगले पाऊस झाले की तारा फिंगरबोर्डपासून, म्हणजे नेकवरच्या (दांड्यावरच्या) बोटं दाबायच्या पट्टीपासून, वर जातात. बाराव्या फ्रेटवर (फिंगरबोर्डवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) बोट दाबायला जोर लागतो, बार कॉर्ड धरला की मनगट भरून येतं. सकाळी ट्यूनर लावला तर सगळ्या तारा थोड्या चढलेल्या दिसतात. चवथ आटोपते, दिवाळी होते, हवा कोरडी व्हायला लागते आणि उलटा खेळ सुरू होतो. तारा खाली येतात, सहावी तार पाचव्या-सातव्या फ्रेटवर खरखरते, नेकच्या कडेवरून बोट फिरवलं तर फ्रेटांची टोकं टोचतात. तुम्ही जुलैत सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती हाडाची पट्टी) घासून उतरवलेलं असतं, ते जानेवारीत कमी पडतं म्हणून नवं करता, आणि पुन्हा जून येतो.

मी हे तीन वर्षं केलं. एका पेपरमिंटच्या डबीत माझ्याकडे हाडाची सहा सॅडल आहेत, सगळी वेगवेगळ्या उंचीची. म्हशीला आजार आणि पखालीला इंजेक्शन म्हणतात, ते हेच.

आमचं घर गोव्यात, सावईवेऱ्याला, कुळागराच्या काठावर. मागे पोफळी, त्याखाली पाट, भिंती चिऱ्याच्या. पावसाळ्यात आमच्याकडे चपलेवरही बुरशी येते. अशा घराच्या पडवीत मी २०२० च्या जुलैत पहिली गिटार जोडायला घेतली. बाहेर जायची सोय नव्हती आणि हातात वेळ भरपूर. जहाजावर असलेल्या चुलतभावाने वर्षभर आधी सिट्का स्प्रूस या लाकडाचा टॉप, म्हणजे पुढची फळी, आणून दिला होता, मागचा भाग आणि बाजू शिसवीच्या. मापं नेहमीचीच: स्केल (तारेची वाजती लांबी) ६४५ मि.मी., टॉप जेमतेम एक सूत म्हणजे ३ मि.मी.च्या आतबाहेर, बाजू २ मि.मी., आत एक्स आकाराचं ब्रेसिंग, म्हणजे टॉपला आतून आधार देणाऱ्या पट्ट्या. हे ब्रेसिंग १८४० च्या दशकापासून अमेरिकेत चालत आलेलं, त्यात माझं डोकं काही नाही. सुतारकाम बरं जमलं होतं, सांधे घट्ट होते. चवथीच्या दिवशी तारा चढवल्या तेव्हा ॲक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारांची उंची, अगदी हवी तशी होती. तेच फसवं ठरलं.

आता निदानाकडे. तारा वर गेल्या की जो तो पहिला हात ट्रस रॉडला, म्हणजे नेकच्या आतल्या सळईला, घालतो. मीही घातला. ट्रस रॉडने फक्त नेकचा बाक बदलतो. तारांची उंची त्यात थोडीफार हलते, पण तो त्या रॉडचा उद्देश नाही. आधी बाक मोजा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, सहावी तार नेक जिथे बॉडीला मिळते त्या चौदाव्या फ्रेटवर दाबून धरा, आणि सातव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांच्यामध्ये किती फट आहे ते बघा. साध्या प्रिंटरच्या कागदाचे दोन थर सरकतात एवढी, म्हणजे ०.२ मि.मी.च्या आसपास असेल, तर नेकचा दोष नाही. चार-पाच थर जात असतील तर रॉड पाव वळसा फिरवा, एक रात्र थांबा, परत मोजा. एकदम पूर्ण वळसा कधीच नाही.

माझी फट दोन कागदांचीच होती, जुलैतही आणि जानेवारीतही. मग मी नटवर, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीवर, संशय घेतला, तोही फुकट गेला. नटच्या खाचा उंच असत्या तर पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर त्रास झाला असता, बाराव्यावर नाही.

खरं उत्तर एका सरळ पट्टीने दिलं. सुमारे ४५ सें.मी.ची, कडा खरोखर सरळ असलेली लोखंडी पट्टी घ्या. तारा ढिल्या करून मधल्या दोन बाजूला करा आणि पट्टी फ्रेटांवर ठेवून ब्रिजकडे, म्हणजे टॉपवर चिकटवलेल्या, सॅडल बसतं त्या लाकडाकडे, सरकवा. पट्टीची खालची कड ब्रिजच्या लाकडी माथ्याला जेमतेम घासून जायला हवी. माझी जुलैत ब्रिजच्या माथ्यापेक्षा दीड मि.मी. खाली आदळत होती. जानेवारीत तीच पट्टी त्याच जागी ठेवली तर माथ्यावरून एक मि.मी. अंतर राखून पुढे गेली. म्हणजे वर्षभरात ब्रिज अडीच मि.मी. वरखाली होत होता. बाराव्या फ्रेटवर त्याच्या निम्मा परिणाम दिसतो. माझ्या वहीत त्या वर्षीची ॲक्शन जानेवारीत १.९ आणि जुलैत ३.१ आहे, सहाव्या तारेची. हिशोब जुळतो.

हे माप एकदाच घेऊन काही कळत नाही, आणि बहुतेक जण एकदाच घेतात. नुसत्या जुलैच्या मापावरून मी 'नेकचा कोन चुकला' म्हणून नेक उतरवून टाचेकडून (बॉडीला मिळतो त्या बुडाकडून) तासायला निघालो होतो. तासली असती तर जानेवारीत वाजवण्याजोगी उरली नसती.

शेजारचे मेस्त सत्तरीच्या घरातले. गिटार त्यांनी कधी बनवली नाही, पण देव्हारे, मखरं, देवळांचे दरवाजे यांत आयुष्य गेलं. २०२२ च्या पावसात मी गिटार घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी तारांकडे बघितलंसुद्धा नाही. ब्रिजच्या मागे टॉपवर तळहात ठेवला, बोटं पसरली, थोडा वेळ तसेच बसले. मग खिशातली छोटी पट्टी काढून टॉपवर आडवी टेकवली. ती मधोमध टेकून दोन्ही टोकांना डोलत होती.

"दाराच्या चौकटीत मधली फळी कशी बसवतात, ठाऊक आहे ना?" त्यांनी विचारलं.

"खाचेत."

"सरस लावून?"

"नाही, सुटी."

"का?"

मी गप्प.

"चारी बाजूंनी सरस लावलास, वर आतून आडव्या पट्ट्या मारल्यास. आणि आता विचारतोस, दार का अडतं."

सगळं यात आलं. बाकीची गोष्ट मी आकड्यांत मांडतो, कारण आकडे कळल्याशिवाय दुसरी गिटार सुधारत नाही.

लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं, आणि त्यामुळे रेषांच्या आडवं फुगतं-आकसतं. रेषांच्या उभ्या दिशेने बदल नगण्य. हवेत ४५ टक्के आर्द्रता असेल तर लाकडात साधारण साडेआठ टक्के ओल स्थिरावते, ६५ टक्क्यांना १२, आणि ८५ टक्क्यांना १८ च्या आसपास. आपल्याकडे जुलै-ऑगस्टात आर्द्रता ८५ च्या वर सहज असते. उभ्या चिरेच्या, म्हणजे ओंडका मध्याकडे चिरून काढलेल्या, सिट्का स्प्रूसमध्ये ओल एक टक्क्याने बदलली की रुंदी साधारण ०.१५ टक्क्याने बदलते. खालच्या बाजूला टॉप ४०० मि.मी. रुंद असतो. ओल १७ वरून ११ वर आली तर सहा गुणिले ०.१५, म्हणजे ०.९ टक्के. चारशे मि.मी.चे झाले ३.६ मि.मी.

ही फळी सुटी असती तर साडेतीन मि.मी. अरुंद होऊन गप्प बसली असती. पण ती कडेला चिकटवलेली, खाली ब्रेस, आणि वर ब्रिज. ब्रिजच्या लाकडाच्या रेषा टॉपच्या रेषांना आडव्या, त्यामुळे टॉपला ज्या दिशेने आकसायचं असतं नेमक्या त्याच दिशेने ब्रिज हलायला तयार नसतो. फळीला बाजूला जायला जागा नाही, म्हणून ती वर किंवा खाली जाते. फुगली की पोट येतं, आकसली की खळगा पडतो. ब्रिज तिच्यावर बसलेला, तो तिच्यासोबत जातो, आणि तारा ब्रिजवर बसलेल्या.

मी ब्रेस जुलैत चिकटवले होते, म्हणजे टॉप त्याच्या सगळ्यात फुगलेल्या अवस्थेत असताना. तीच अवस्था मी 'मूळ माप' म्हणून कायमची बांधून टाकली. पुढचा प्रत्येक कोरडा महिना त्या टॉपला ताणत होता. दुसऱ्या जानेवारीत एका रात्री खोलीत कट् असा आवाज आला. पाल असेल म्हणून झोपलो. सकाळी ब्रिजच्या मागून खालच्या कडेपर्यंत केसाएवढी चीर होती.

यावर हटकून येणारा मुद्दा: जुनं लाकूड वापरा, ते हलत नाही. मेस्तही हेच मानतात, आणि इथे माझं त्यांच्याशी जमत नाही. शंभर वर्षांचा वासा असला तरी हवा बदलली की तोही ओल घेतो. जुन्या लाकडात आतले ताण निवलेले असतात, ते पिळत नाही, वेडंवाकडं होत नाही, हा फायदा खरा. पण फुगणं-आकसणं थांबत नाही. पॉलिशचंही तेच. चपड्या लाखेचे कितीही हात मारा, ओल आत जायला वेळ लागेल एवढंच. शिवाय आतली बाजू कोरीच असते.

तयार झालेल्या गिटारीचं काय करायचं

माझ्या मते पहिल्या गिटारीवर मोठी शस्त्रक्रिया करू नये. बॅक उघडून सगळे ब्रेस काढून नव्याने चिकटवता येतात, पण त्या कष्टात नवा टॉप होतो. मी दोन सॅडल ठेवली, एक पावसाळी आणि एक कोरडं. ही पळवाट नाही, बरेच वादक असंच करतात.

मधल्या उंचीचं एक सॅडल धरा आणि त्यावर दोन्ही ऋतूंतली ॲक्शन मोजा. सहाव्या तारेला बाराव्या फ्रेटवर २.४ ते २.५ हवी असं समजू. जुलैचे ३.१ उतरवून २.४ करायचे तर ०.७ कमी करायचे, आणि सॅडलवर त्याच्या दुप्पट, म्हणजे १.४ मि.मी. जानेवारीचे १.९ वर न्यायचे तर सॅडल एक मि.मी. उंच. पावसाळी सॅडल ब्रिजच्या बाहेर निदान दोन मि.मी. तरी दिसलं पाहिजे. त्याहून खाली गेलं तर तारा सॅडलवर पुरेशा मुडपत नाहीत आणि आवाज मेल्यासारखा येतो. सॅडल खालून घासा, वरून नाही. वरच्या गोलाईची आणि तारेच्या टेकण्याच्या जागेची मेहनत मग वाया जात नाही. खालची कड घासताना काटकोनात राहिली पाहिजे, त्यासाठी पॉलिश पेपर काचेवर चिकटवून सॅडल गुण्याला (सुताराच्या काटकोनाला) टेकवून घासायचं. मृग लागला की एक बसवायचं, दिवाळीनंतर दुसरं. आमच्याकडे आता ही छत्री काढण्याइतकी साधी गोष्ट झाली आहे.

नोव्हेंबर-डिसेंबरच्या मध्यम हवेतही पट्टी ब्रिजच्या माथ्याखाली दोन मि.मी. आदळत असेल, तरच नेकचा कोन दोषी. तेव्हा टाच तासावी लागते. तासण्याचं माप असं: टाचेची उंची गुणिले ब्रिजपाशी हवा असलेला फरक, भागिले चौदाव्या फ्रेटपासून सॅडलपर्यंतचं अंतर. ६४५ च्या स्केलवर हे अंतर २९० च्या जवळ येतं. टाच ९५ आणि फरक २.५ धरला तर ०.८ मि.मी. एवढंसं. तेही टाचेच्या टोकाशी, फिंगरबोर्डकडे शून्यावर येत जाणारं. पहिल्या गिटारीला नेक बोल्टने जोडा असं मी प्रत्येकाला सांगतो, ते यासाठी. माझी बोल्टची होती, म्हणून निदान तासून बघायचा विचार तरी करू शकलो. डव्हटेलवाल्यांना, म्हणजे नेक खाचेत सरसाने पक्का बसवणाऱ्यांना, वाफ आणि देव दोघांनाही बोलवावं लागतं.

चिरेची घाई करू नका. कोरड्या दिवसांत फट उघडी असताना त्यात सरस भरला, तर पावसात फुगताना लाकूड त्या भरावावर दाबून बसेल. पहिले पाऊस होऊ द्या, चीर आपोआप मिटते. मग बोटाने खालून-वरून दाबत पातळ गरम सरस आत मुरवा, आणि आतून स्प्रूसचे १५ मि.मी.चे, दीड-दोन मि.मी. जाडीचे चौकोनी तुकडे रेषा आडव्या ठेवून दर पाच-सहा सें.मी.वर चिकटवा. साउंडहोलमधून (टॉपच्या गोल भोकातून) हात आत जातो, डोळा जात नाही. फोनचा पुढचा कॅमेरा चालू करून फोनच आत सोडावा.

फोन आत घातलाच आहे तर ब्रेसही बघून घ्या. बाहेरून टॉपवर बोटाच्या पेराने ठोकत जा. घट्ट ब्रेसवर आवाज भरीव येतो, सुटलेल्या ब्रेसवर त्यामागोमाग बारीक तडतड येते. माझ्या एक्सच्या एका पायाचं टोक चार सें.मी. सुटलेलं होतं आणि ते शोधायला मला वर्ष लागलं, कारण जानेवारीतली खरखर मी तारांचीच समजत होतो. सुटलेल्या भागात कागद सरकवून कुठवर जातो ते बघा, तिथवर सरस पोचवा, खालून टेकू द्या.

ब्रिज उचलला जात असेल तर

हा तिसरा भाग खरं म्हणजे वेगळा रोग आहे, पण याच गिटारीत निघाला. २०२३ च्या मे महिन्यात मी ती गाडीत ठेवून पणजीला गेलो. दोन तास उन्हात. परत आलो तर ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद जात होता.

बारीक तारांचा संच लावला तरी सहा तारांचा मिळून ताण सत्तर-पंचाहत्तर किलो होतो. सुताराच्या दुकानात मिळणारा नेहमीचा पांढरा गोंद मी ब्रिजला वापरला होता. कपाटाला तो उत्तम, कारण कपाटाला कोणी रात्रंदिवस ओढत नाही. सततच्या ओढीखाली तो हळूहळू सरकतो, आणि उष्णतेत मऊ पडतो. बंद गाडीत उन्हात पन्नास-साठ अंश ही काही मोठी गोष्ट नाही. त्यात माझी आणखी एक चूक होती: ब्रिजखालचं पॉलिश कडेपर्यंत काढलं नव्हतं. सगळ्या बाजूंनी तीनेक मि.मी.ची पट्टी तशीच सोडली होती, बाहेरून नीट दिसावं म्हणून. ओढ जिथे सगळ्यात जास्त, त्या मागच्या कडेलाच गोंद लाकडाला नाही, लाखेला चिकटला होता.

सुटत चाललेल्या ब्रिजखाली सुईने गोंद भरू नका. जुन्या गोंदावर नवा धरत नाही. तारा आणि सॅडल काढा. ब्रिजभोवतीच्या टॉपवर आधी जाड पुठ्ठा आणि वर ॲल्युमिनियमची फॉइल घाला, ब्रिजवर जुनी इस्त्री मंद आचेवर टेकवा. मधूनमधून पातळ, बोथट, किंचित ओली पाती मागच्या कडेने आत सारायची. ती ढकलायची नाही, वाट मिळेल तशी जाऊ द्यायची. स्प्रूसचे तंतू वर उचलले जायला लागले तर लगेच थांबून दुसऱ्या बाजूने यायचं. मला सव्वा तास लागला आणि बायकोला नवी इस्त्री घ्यावी लागली.

दोन्ही बाजू खरवडून कोऱ्या लाकडावर आणल्या की चामड्या-हाडांचा जुना सरस वापरा. तो तापला की क्षणभरच सुटा असतो, गार झाला की धरतो, आणि एकदा वाळला की सरकत नाही. पुढेमागे ऊब आणि ओल देऊन सोडवताही येतो. रात्रभर पाण्यात भिजवा, मग भांड्यात भांडं ठेवून ६० ते ६३ अंशांवर ठेवा. उकळला तर त्याचा जोर जातो. ब्रिज आणि टॉप आधी कोमट करा, नाहीतर शिकंजा आवळायच्या आतच सरस थिजतो. आधी एकदा कोरडी तालीम करा: कुठला शिकंजा कुठे, हात कुठून. सगळं मिनिटभरात व्हायला हवं. एक दिवस आवळून ठेवा, तारा तीन दिवसांनी. ओलीत हा सरस जरा नरमतो, हे कबूल करतो. म्हणून भर पावसाळ्यात, दमट पडवीत, हे काम काढायचं नाही.

पुढची गिटार: सरस लावण्याआधी

दुखणं तिथेच सुरू होतं, म्हणून तिथेच थांबवायचं. आधी आर्द्रतामापक घ्या, आणि त्यावर विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात मीठ भरा, थोडं पाणी घालून चिखलासारखं ओलं करा, पाणी तरंगू देऊ नका. ते झाकण आणि मापक एका हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. आत आर्द्रता ७५ टक्केच होते, मिठाचा गुणच तसा. माझा मापक ६७ दाखवत होता. म्हणजे तो ५२ म्हणायचा तेव्हा खरे ६० असायचे. असल्या चुकीवर सगळी गिटार उभी राहते.

बहुतेक बनवणारे ४५ ते ५० टक्क्यांना ब्रेस चिकटवतात. मी ५० धरतो, कारण माझी गिटार गोव्यातच राहणार. पण चूक व्हायचीच असेल तर कोरड्या बाजूला होऊ द्या. पावसात फुगून तारा अर्धा मि.मी. वर गेल्या तर सॅडल बदलता येतं. पुण्या-बेळगावच्या फेब्रुवारीत टॉप तडकला, तर तडकला.

हे पन्नास टक्के आणायचे कुठून? सगळ्यात स्वस्त साधन कॅलेंडर आहे. बाजू वाकवणं, नेक घडवणं, फ्रेटांच्या खाचा, असली कामं पावसाळ्यात काढा. ब्रेस चिकटवणं आणि बॉडी बंद करणं जानेवारी-फेब्रुवारीच्या दुपारी. त्या दिवसांत आमच्या पडवीत दुपारी ४८ असते. पहाटे मात्र दव पडून ८५. म्हणून फळ्या रात्रभर पडवीत ठेवायच्या नाहीत. मी पहिल्यांदा ठेवल्या आणि दुपारची सगळी कमाई पहाटे गमावली.

त्यासाठी एक जुनं लाकडी कपाट मी सुकवणीचं केलं. हवा दहा अंशांनी तापवली की तिची आर्द्रता जवळपास निम्मी होते. बाहेर २८ अंश आणि ८५ टक्के असेल, तर कपाटात ३८ अंशांना ४८-४९ टक्के. एवढ्याला खाली साठ वॅटचे दोन पिवळे बल्ब पुरले. एलईडी चालत नाही, तो तापत नाही, आणि जुने बल्ब मिळवायला फोंड्यातली चार दुकानं फिरावी लागली. बल्बच्या वर पत्रा आडवा, त्याच्या वर जाळी, जाळीवर फळ्या. खाली आणि वर हवेला भोकं. घरी कोणी नसताना बल्ब चालू ठेवायचा नाही, लाकूड बल्बपासून निदान हातभर दूर.

फळी सुकली हे हाताला कळत नाही, काट्याला कळतं. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा पुरे. माझा दुसरा टॉप, साडेतीन मि.मी. जाडीचा, आत ठेवला तेव्हा ३१२ ग्रॅम होता. तिसऱ्या दिवशी २९६, पाचव्या दिवशी २९१, आणि मग तीन दिवस २९१ च. काटा थांबला की लाकूड तयार. हे २१ ग्रॅम पाणी पहिल्या गिटारीच्या टॉपमध्ये मी ब्रेस आणि सरस घालून कोंडलं होतं. ब्रेसच्या पट्ट्याही त्याच कपाटात सुकवा, जाड असल्याने त्यांना जास्त दिवस लागतात. बाहेर काढल्यावर गप्पा नकोत. पातळ फळी तासाभरात ओल परत घ्यायला लागते. एका वेळी दोन ब्रेस चिकटवायचे, आवळायचे आणि आख्खं प्रकरण शिकंज्यांसकट प्लास्टिकमध्ये गुंडाळून परत कपाटात.

टॉपला थोडी गोलाई आधीच द्या. ब्रेसची खालची कड साडेआठ मीटर त्रिज्येवर घडवली तर ४०० मि.मी. रुंदीत मध्ये सुमारे २.३५ मि.मी.चा उंचवटा येतो. तो असला की कोरड्या दिवसांत आकसायला थोडी शिल्लक राहते, टॉप सपाट होतो पण लगेच तडकत नाही. पहिल्या वेळी मी टॉप सपाटच ठेवला होता, कारण गोल घडवणं कंटाळवाणं वाटलं.

दुसऱ्या गिटारीचा फिंगरबोर्ड मट्टीचा केला, घराच्या मोडतोडीतल्या वाशातून. मट्टी म्हणजे देशावरचा ऐन. शिसवीवर २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आल्यावर परदेशी गिटारींवर हेच लाकूड 'इंडियन लॉरेल' या नावाने झळकायला लागलं. आमच्या गोठ्याला त्याचे खांब आहेत. रंधा मारताना कडक लागतं, पटाशीची धार दर दहा मिनिटांनी जाते, पण फ्रेट धरून ठेवतं. त्याची फळीही कपाटातून सुकवून घेतली होती, म्हणून टोकं टोचायचं प्रमाण यंदा अगदी कमी.

तिचे ब्रेस २०२४ च्या फेब्रुवारीत चिकटवले. गेल्या जानेवारीत ॲक्शन २.२ होती, या ऑगस्टात २.७. सॅडल एकच. हलते अजूनही, पण अर्ध्या मि.मी.ने. चवथीला मेस्त आरतीला आले तेव्हा घुमट (आरतीला वाजवतात ते चामडं ताणलेलं मातीचं वाद्य) ढिला पडला म्हणून चुलीजवळ शेकायला ठेवला होता. गिटार उचलून त्यांनी टॉपवर तसाच तळहात ठेवला. म्हणाले, "याला शेकावं लागत नाही वाटतं." मग तिसऱ्या गिटारीबद्दल विचारलं, नातवासाठी.

ती सुरू व्हायला थोडा वेळ आहे. मे महिन्यात शेवटची आमसुलं वाळायच्या आत पाऊस आला, तेव्हापासून आईला त्या कपाटाची सवय लागली आहे. सध्या जाळीवर तिच्या मिरच्या आहेत. त्या निघाल्या की जाळी नीट धुवायची, कारण मागच्या टॉपला आमसुलांचा डाग पडला होता आणि तो पॉलिशखाली अजून दिसतो.